अस्तराखालचा तडा

मी एक जुनी कार सीट आहे. मोटारीत लहान मुलांना बसवण्यासाठी जी वेगळी, पट्ट्यांची खुर्ची असते ना, ती मी. मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण माझ्यासारखीच्या कुशीत बसून आजोळी गेले असतील. कंटाळून रडले असतील, बिस्किटाचा चुरा सांडला असेल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला जे सांगायचं आहे ते मोठ्या माणसांनी केलेलं आहे, आणि ते मुलांच्या कानावर पडू नये असं तीच माणसं म्हणतील. पण ते सगळं भोगावं लागलं एका मुलालाच, म्हणून मी ते मुलांनाच सांगते.

कारखान्यात माझं कवच एका साच्यातून निघालं. टणक, काळं प्लास्टिक. त्याला आतून थर्मोकोलसारखा पांढरा, हलका फोम चिकटवला, त्यावर मऊ गादी बसवली आणि वर राखाडी कापडाचं अस्तर चढवलं. मग पट्टे आले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेशी, एक पायांमधून, आणि सगळे पोटाजवळच्या एका बकलात अडकणारे. मोठ्या माणसांचा पट्टा लहान मुलाच्या गळ्यावर येतो, म्हणून त्यांना माझी गरज पडते. अगदी तान्ह्या बाळाला तर मी पाठमोरं बसवून घेते, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. बाळाचं डोकं जड असतं आणि मान कोवळी. गाडी धडकली तर ते डोकं पुढे फेकलं जाऊ नये, सगळा हिसका माझ्या पाठीनं झेलावा, अशी ती योजना असते.

आमच्या तुकडीतल्या एकीला चाचणीसाठी नेलं होतं. रुळांवरच्या गाड्यावर तिला बसवलं, तिच्यात एक बाहुला बांधला, आणि भरधाव सोडलेला गाडा एकदम थांबवला. बाहुला जागच्या जागी राहिला. ती मात्र फोम चेपून, पट्टे ताणून निकामी झाली. चाचणी घेणारे खूश झाले, त्यांनी तिला भंगारात टाकलं आणि आम्हाला पास केलं. मला त्यात काही क्रूर वाटलं नाही. आम्ही एकाच धडकेसाठी जन्माला येतो. ती आली की सगळा मार अंगावर घ्यायचा आणि संपायचं. माझ्या कवचाच्या मागे तसा एक कागदही चिकटवलेला होता: ‘धडक बसल्यानंतर ही सीट पुन्हा वापरू नये.’

मला विकत घेतलं गार्गीनं. ती दातांची डॉक्टर, मुलुंडला तिचा दवाखाना होता. तिचा नवरा श्रेयस, त्याचा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना. त्यांची मुलगी रेवती. ती जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून घरी आली तीच माझ्यात बसून.

गार्गी माझ्या बाबतीत फार कडक होती. पट्टा लावला की ती खांद्याजवळ दोन बोटांनी चिमटा काढून बघायची. पट्टा चिमटीत आला तर सैल, पुन्हा आवळायचा. थंडीत जाड स्वेटर घातला असेल तर तो आधी काढायची, कारण स्वेटरवरून पट्टा घट्ट वाटतो आणि प्रत्यक्षात सैल असतो. उन्हात उभ्या गाडीत माझं बकल तापायचं आणि रेवतीच्या पोटाला चटका बसायचा, म्हणून तिनं स्वतःच्या जुन्या इरकल साडीचा तुकडा घेऊन बकलाखाली एक छोटी गादी शिवली. लाल काठ, हिरवी जमीन. राखाडी अस्तरावर ती फारच उठून दिसायची.

श्रेयस हसायचा. “अगं, मुलगी आहे ती. कुरियरनं पाठवायची आहे का?”

सासूबाई, कुंदाताई, पुढच्या सीटवर बसून मागे वळून बघायच्या. “आम्ही पोरांना मांडीवर घेऊन पार पुण्यापर्यंत जायचो. कुणाला काही झालं?”

“ज्यांना झालं ते सांगायला येत नाहीत, आई,” गार्गी म्हणायची आणि पट्टा आवळायची.

रेवती मोठी झाली तशी मला फिरवून पुढच्या दिशेला तोंड करून बसवलं. ती बोलायला लागली होती, बालवाडीत जायला लागली होती. एके दुपारी श्रेयस तिला शाळेतून घेऊन येत होता. गाडीत ती दोघंच. विक्रोळीच्या पुढे रस्ता मोकळा होता, त्यानं वेग वाढवला. त्याच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यानं खाली पाहिलं, काहीतरी वाचलं, हसला, आणि अंगठ्यानं उत्तर लिहायला लागला. पुढे एक टेम्पो बंद पडून उभा होता. मला तो दिसत होता. श्रेयसनं मान वर केली तेव्हा ब्रेक दाबायला रस्ता उरला नव्हता.

त्या धडकेत मी माझं काम केलं. रेवतीचं सगळं वजन पट्ट्यांवर आलं, पट्ट्यांनी ते माझ्यावर टाकलं, फोम चेपला, आणि माझ्या कुशीला जिथून मोटारीचा पट्टा ओवलेला असतो त्या खाचेच्या कडेला कवच तडकलं. आवाज कोणालाही ऐकू गेला नाही. गाडीचं नाक पार आत गेलं होतं, श्रेयसचं मनगट मोडलं होतं. रेवतीच्या खांद्यांवर लाल वळ उमटले, दुसरं काही नाही.

“टेम्पोवाल्यानं मध्येच ब्रेक मारला,” श्रेयसनं सगळ्यांना सांगितलं.

“बाबा फोन बघत होता,” रेवती म्हणाली.

“तिला काय कळतंय, घाबरलीये पोर,” असं म्हणून कुंदाताईंनी तिला जवळ ओढलं. संध्याकाळी त्यांनी तिला ओवाळलं. मग काय मनात आलं कोण जाणे, मोडक्या गाडीतून काढून आणलेल्या माझ्यासमोरही ताम्हन फिरवलं आणि माझ्या अस्तरावर हळदकुंकू लावलं. माझ्या आयुष्यातलं सगळं कौतुक त्या एका संध्याकाळी झालं.

गार्गीनं मला उलटं करून मागचा कागद वाचला. “श्रेयस, ही टाकून द्यायची. टाकण्याआधी पट्टे काप, म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही.”

“एक ओरखडा नाहीये तिच्यावर.”

“दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. काप.”

“कापतो गं.”

त्यानं कापले नाहीत. दुसरी गाडी आली तेव्हा त्यानं मला तिच्या डिकीत टाकून मरोळला नेलं आणि कारखान्याच्या गोदामात रिकाम्या खोक्यांच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. गार्गीनं विचारलं तेव्हा “टाकली” एवढंच म्हणाला. रेवतीसाठी नवीन सीट आली होती. गार्गीनं पुन्हा चौकशी केली नाही.

गोदामात माझ्यावर पुठ्ठ्याची बारीक धूळ बसत गेली. ती अस्तरातून खाली झिरपली, तड्याच्या फटीत जाऊन बसली. पण मला वाईट वाटत नव्हतं. माझं काम झालं होतं.

कारखान्यात सिद्धेश परब नावाचा सुपरवायझर होता. त्याचे वडील दशरथ परब गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मुलाला शिकवलं आणि याच कारखान्यात चिकटवलं. सिद्धेश मान खाली घालून काम करणारा होता. त्याची आणि त्याच्या बायकोची, अक्षताची, मुलाची वाट बघण्यात बरीच वर्षं गेली होती. मुलगा झाला तेव्हा त्यानं सगळ्या कारखान्यात पेढे वाटले, आणि थोड्या महिन्यांनी एक वापरलेली छोटी गाडी घेतली. सर्वेशला, म्हणजे त्या मुलाला, गर्दीत धक्के नकोत म्हणून.

गाडीची बातमी कळल्यावर श्रेयस केबिनमधून बाहेर आला. त्याला मोकळ्या हाताचा मालक म्हणवून घ्यायला आवडायचं. “पोराला गाडीत कसा बसवणार? मांडीवर? अरे, असं नको करू. थांब.” त्यानं गोदामातून मला खाली काढायला लावलं, फडक्यानं पुसायला लावलं आणि सगळे कामगार बघत असताना मला सिद्धेशच्या हातात ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सिद्धेशनं मला फिरवून पाहिलं. मागचा कागद त्यानं वाचला, सावकाश, ओठ हलवत. मग तो जरा घुटमळला.

“साहेब, रेवतीताईच्या टायमाला गाडी ठोकली होती ना आपली. ही तेव्हाची तर नाही?”

श्रेयसनं माझ्याकडे पाहिलं. हो म्हणणं कठीण नव्हतं. मला पुन्हा फळीवर ठेवायचं आणि पुढच्या आठवड्यात दुसरी आणून द्यायची, एवढंच. पण टाळ्या वाजून झाल्या होत्या.

“नाही रे,” तो म्हणाला. “ती तर तेव्हाच टाकली. ही दुसरी आहे. एकदम झकास आहे, बिनधास्त वापर.”

अशी मी वाकोल्याला आले. तिथल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं छोटं घर होतं. सिद्धेश, अक्षता, सर्वेश आणि सिद्धेशची आई, जिला सगळे आये म्हणत. अक्षता विमानतळावर प्रवाशांचं सामान घेणाऱ्या काउंटरवर कामाला होती. तिनं मला घरात आल्या आल्या धुवायला काढलं. अस्तर उतरवलं, इरकलीची गादी हातानं चोळून धुतली, कवच ओल्या फडक्यानं पुसलं. पुसताना खाचेजवळ तिचं नख एका बारीक कडेला अडकलं. ती थांबली, वाकून बघितलं. फोम कवचाला चिकटलेला होता आणि तडा त्याच्या मागे गेलेला होता. दिसत होती ती नुसती रेघ. साच्याची शिवण असेल असं तिला वाटलं आणि तिनं फडकं पुढे नेलं.

मित्रांनो, त्या क्षणी मी तिच्या हातात होते.

मला गाडीत बसवायचं काम अक्षतानंच केलं. फोनवर व्हिडिओ लावला, दोनदा तीनदा बघितला, मग मागच्या सीटवर चढून एक गुडघा माझ्यात रोवला आणि सगळं अंग घालून पट्टा ओढला. “हलव बघू,” ती सिद्धेशला म्हणाली. त्यानं मला धरून हलवलं. अख्खी गाडी डुलली, मी हलले नाही. सर्वेशला पाठमोरा बसवून तिनं पट्टे लावले. गार्गीसारखी चिमट्याची परीक्षा तिनंही घेतली. तिला ती कोणी शिकवली ते मला माहीत नाही.

आये बघत उभी होती. “पोराक असा बांधून कित्याक ठेवतंस गो? सगळी पोरां आमच्या मांडयेर वाढली.”

“आये, त्याच्यासाठीच करतेय ना सगळं,” अक्षता म्हणाली.

काही महिने बरे गेले. एका रविवारी ती तिघं घाटकोपरला अक्षताच्या माहेरी निघाली. सिद्धेश हळूच चालवत होता, तो नेहमीच हळू चालवायचा. अक्षता माझ्या शेजारी मागे बसली होती. लिंक रोडच्या पुलावर उलट्या बाजूनं एक मोटारसायकल समोर आली. तिला वाचवायला सिद्धेशनं चाक फिरवलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. धडक फार मोठी नव्हती. माझ्या जागी धडधाकट सीट असती तर सर्वेश रडला असता, दूध प्यायला असता आणि झोपला असता.

पट्टा ताणला गेला तसा तो तडा सरकन वर गेला. कवचाची कड फुटली, मोटारीचा पट्टा खाचेतून निसटला, आणि सर्वेशला घट्ट धरलेली मी त्याच्यासकट उलटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. माझ्या कुशीत तो दुमडला गेला. एकदाच ओरडला.

तो वाचला. पण त्याचे पाय हलेनात. पाठीच्या कण्याला मार बसला होता. हॉस्पिटलात काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण पुढे त्या घरात तेच तेच इतक्या वेळा बोललं गेलं की मला पाठ आहे. एका डॉक्टरनं सिद्धेशला विचारलं होतं, “सीट नीट बसवली होती ना?” त्यानं साधाच प्रश्न विचारला होता. सिद्धेशनं अक्षताकडे पाहिलं. त्या बघण्यातच सगळं सुरू झालं.

श्रेयसचा फोन आला. तो म्हणाला, “अरे, ह्या सीटा बसवायला जमावं लागतं. व्हिडिओ बघून येत नाही ते. जाऊ दे, वहिनींना बोलू नकोस काही.” सिद्धेशनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

आये एकदा सर्वेशच्या पायांना तेल लावता लावता म्हणाली, “मांडयेर घेतलं असतंस तर झील आज पायांवर उभो रवलो असतो.” त्यानंतर आये ते रोज म्हणायला लागली.

गॅरेजवाल्यानं मला गाडीतून काढून बाजूला ठेवलं होतं. सिद्धेश मला घरी घेऊन आला आणि गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ठेवलं.

“ही कशाला आणलीस?” अक्षतानं विचारलं.

“राहू दे. रोज दिसू दे तुला.”

तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. पण त्याला कोणावर तरी रागवायचं होतं आणि घरात तीच एक होती जी उलटून बोलत नव्हती. पाहुणे आले की तो म्हणायचा, “हिनं बसवली होती. मी हात पण लावला नव्हता.” मला हलवून बघणारे हात त्याचेच होते, पण ते तो विसरला होता. काही दिवसांनी तीही विसरली. घरात कोणी नसताना ती माझ्यासमोर उकिडवी बसायची, माझ्या फुटक्या कडेशेजारी गुडघा टेकवायची आणि हवेत पट्टा ओढल्यासारखं करायची. “इथून घेतला. इथून ओढला. मग लॉक झाला होता का?” असं स्वतःलाच विचारायची. आधी तिचं उत्तर ‘हो’ असायचं. मग ‘बहुतेक’ व्हायला लागलं. शेवटी शेवटी ती नुसतीच बसून राहायची.

मला काय झालं होतं ते मला माहीत होतं. ते माझ्या अंगावर, कापडाखाली, लिहिल्यासारखं होतं. कोणी कापड उचलत नव्हतं.

एका संध्याकाळी श्रेयस आणि गार्गी भेटायला आले. श्रेयसनं फळांची टोपली आणली होती. तो खुर्चीत बसला, सर्वेशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अक्षताला समजावणीच्या सुरात म्हणाला, “झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे लोकांना ह्यातलं माहीतच नसतं. चूक कोणाच्याही हातून होते.”

“हो, सर,” अक्षता म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

गार्गीला फोन आला म्हणून ती गॅलरीत आली. बोलता बोलता तिची नजर खाली गेली आणि ती बोलायची थांबली. तिनं फोन बंद केला. लाल काठाची ती गादी तिनं बोटात धरली. मग ती खाली बसली आणि माझं अस्तर कडेपासून सोडवायला लागली, दाताचं काम करताना करत असेल तशी, न घाई करता. फोम निखळून आला. फुटलेल्या कवचाची कड उजेडात आली. तिचा वरचा भाग पांढरा, ताजा होता. खालचा, खाचेजवळचा, पुठ्ठ्याच्या धुळीनं काळपट पडलेला होता. एकाच चिरेला दोन वयं होती.

“श्रेयस, इकडे ये.”

तो दारात येऊन उभा राहिला.

“ही आपली सीट आहे.”

“सगळ्या सारख्याच दिसतात गं.”

“हे मी शिवलंय.”

त्यानं आवाज खाली आणला. “इथे नको. घरी बोलू. चल, उठ.”

त्याच्या मागे अक्षता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. “काय झालं, ताई?”

गार्गी उठली नाही. खाली बसूनच तिनं सांगितलं, “ही रेवतीच्या अपघातातली सीट आहे. ही आधीच तडकलेली होती. तू कशीही बसवली असतीस तरी फुटलीच असती. तुझी काही चूक नाही.”

अक्षतानं ट्रे जमिनीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग गार्गीकडे.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला टाकली म्हणून सांगितलं होतं.”

“टाकताना बघितलंत?”

“नाही.”

“मागे लिहिलंय ते वाचलं होतंत ना?”

“वाचलं होतं.”

“मग तुम्हीच का नाही पट्टे कापलेत?”

आतून सिद्धेश आला. “साहेब, मी विचारलं होतं तुम्हाला. सगळ्यांच्या समोर.”

“अरे, मी चांगल्या मनानं दिली रे,” श्रेयस म्हणाला. “वर एक ओरखडा नव्हता. मला काय स्वप्न पडणार होतं? आणि पोराच्या औषधपाण्याचं मी बघतोच आहे ना? तुला कधी कामावरून कमी केलं? एवढ्या सुट्ट्या घेतल्यास, बोललो काही?”

सिद्धेश खाली बघत गार्गीला म्हणाला, “ताई, तुम्ही जा आता. उद्या मला कामावर जायचंय.”

ते दोघं गेल्यावर आये भिंतीला धरून उठली आणि अक्षताच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे आली. अक्षता बाजूला सरली. हात हवेतच राहिला. रात्रीच्या स्वयंपाकाआधी अक्षतानं सर्वेशचे कपडे एका पिशवीत भरले, त्याला एका कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं मला उचललं आणि रिक्षा करून ती घाटकोपरला निघून गेली. सिद्धेश जिन्यापर्यंत मागे आला. “अगं ऐक तरी,” एवढंच म्हणत होता. काय ऐकायचं ते त्याला सांगता येत नव्हतं.

अक्षतानं तक्रार केली. गार्गी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन नवऱ्याविरुद्ध जबाब देऊन आली. मुलुंडच्या घरात त्यानंतर तिच्याशी कोणी धड बोललं नाही. कुंदाताई शेजारणींना सांगायच्या, “सख्ख्या नवऱ्याला ठाण्याची पायरी चढवली हिनं.” पण सगळं एका प्रश्नावर अडलं होतं. श्रेयसला विचारलं होतं की नाही? त्यानं खोटं सांगून सीट दिली होती की नकळत? कारखान्यातल्या कामगारांनी मशिनचा आवाज होता, ऐकू आलं नाही, असं सांगितलं. उरला सिद्धेश.

सिद्धेशनं जबाब दिला, “मी साहेबांना काहीच विचारलं नव्हतं.”

तो अजून मरोळला कामावर जातो. आता तो मॅनेजर आहे.

काही निष्पन्न झालं नाही. पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलेल्या मला अक्षताकडे परत दिलं गेलं. ते कळल्यावर गार्गी घाटकोपरला आली. दार अक्षतानं उघडलं. तिनं गार्गीला बसा म्हटलं नाही. सर्वेश चटईवर उशांच्या आधारानं बसला होता, त्याला आता शब्द यायला लागले होते.

“मी काय करू सांग,” गार्गी म्हणाली.

अक्षतानं मला आणून तिच्यासमोर ठेवलं, वर कात्री ठेवली. “कापा.”

माझे पट्टे साध्या कात्रीला दाद देत नाहीत. एका बाळाचं वजन धडकेत पेलण्यासाठी विणलेले असतात ते. गार्गी कात्री करवतीसारखी चालवत होती. तिच्या बोटांना घट्टे पडले, मग सालं निघाली. अक्षता शेजारी उभी राहून बघत होती. ना मदत केली, ना पुरे म्हणाली. एक पट्टा तुटला. दुसरा ओढताना बकल हललं आणि त्याचा टक् असा आवाज झाला.

तो आवाज ऐकताच सर्वेशनं दोन्ही हात वर केले. पट्टे लावताना आई हात वर करायला लावायची, आणि त्यानंतर गाडी सुरू व्हायची, खिडकीतून झाडं पळायची. ते त्याच्या अंगाला आठवत होतं. तो हसत होता. “भुर्र,” म्हणाला.

गार्गीच्या हातातली कात्री थांबली.

“थांबू नका,” अक्षता म्हणाली. तिनं सर्वेशला उचललं, त्याचे वर केलेले हात स्वतःच्या मानेभोवती घेतले आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. गार्गीनं उरलेले पट्टे कापले. मग माझं कवच अंगणात नेऊन दगडानं फोडलं. माझे तुकडे आता एका भंगाराच्या गोणीत आहेत आणि तिथे ते सुरक्षित आहेत. त्यांच्यापासून कोणाला धोका नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. माझं मागणं उलटं आहे. माझ्यासारखीला एकदा धडक बसली की तिच्यावर दया करू नका. ती किती चांगली दिसते, अजून कोणाच्या उपयोगी पडेल, असा विचार मनात आणू नका. कापा, फोडा, मगच टाका. आणि तुमच्या घरातलं कोणी मोठं माणूस मान फिरवून ‘टाकली’ म्हणालं, तर त्याला विचारा की कुठे टाकली. तुम्हाला लहान समजून ते गप्प बसवतील. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.